भरवशाचा पहारा

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण मराठी माणसाने स्वतःच्याच देवभोळेपणाला हाणलेला टोला आहे. ती इतकी चपखल बसते की देवावर भरवसा ठेवणाऱ्या कोणालाही तिने गप्प करता येते. सुधारकी लिखाणातही हा आरोप पुन्हा पुन्हा भेटतो: आपला शेतकरी देवावर हवाला टाकून बसला, म्हणून दुष्काळाने, सावकाराने आणि सरकारने त्याला नाडले. हा आरोप नुसत्या तर्काने खोडण्यात किंवा मान्य करण्यात अर्थ नाही. ज्या मुलखाने भीतीचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या काढले, त्याच्या इतिहासावर तो घासून पाहायला हवा. त्यासाठी जालना जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडायची नाही.

दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मधे पूर्णा, दुधना, कुंडलिका या पावसाच्या भरवशावरच्या नद्या. वर्षाचा पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, पण सरासरी शेतकऱ्याच्या कामाची नसते. दोन वर्षे बरी गेली की तिसरे दगा देते. पाऊस दगा देई तसे लष्करही. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांच्या वाटेवरच हा मुलूख पडला. बदनापूरजवळच्या रोषणगावला १६१६ मध्ये शाहनवाजखानाच्या मोगल फौजेने मलिक अंबरला हरवले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रानात शिंद्यांच्या आणि इंग्रजांच्या तोफा एकमेकींवर धडाडल्या. 'जालना, सोने का पालना' अशी या बाजारपेठेची ख्याती होती, आणि सोन्याच्या ख्यातीने व्यापारी येतात तसे लुटारूही येतात. अस्मानी आणि सुलतानी ही दोन संकटे इथे पाठीला पाठ लावून आली.

याच मुलखात, आजच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी, १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेलेला. रोषणगावची लढाई झाली तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून पळून त्याने नाशिकजवळची टाकळी गाठली आणि तिथे बारा वर्षे तप केले, असे परंपरा सांगते. त्या तपाची शेवटची दोन वर्षे म्हणजे १६३० ते ३२, दख्खन आणि गुजरातेतल्या भीषण दुष्काळाची वर्षे. पाऊस गेला होता, आणि त्याच वेळी शाहजहान बुऱ्हाणपुरात तळ ठोकून निजामशाहीवर फौजा सोडत होता. पादशहाच्या पदरी असलेल्या अब्दुल हमीद लाहोरीलाही या उपासमारीचे वर्णन टाळता आले नाही. भाकरीसाठी माणसे जीव विकायला निघाली आणि घेणारा कोणी नव्हता, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. हे सारे उतरणीला लागले असताना टाकळीहून निघून पुढची बारा वर्षे पायी हिंडणाऱ्या तरुण बैराग्याने काय काय पाहिले असेल, याची कल्पना करता येते. पण कल्पनेची गरज नाही. 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' ही रामदासांची म्हणून ओळखली जाणारी प्रकरणे उपलब्ध आहेत, आणि त्यांत भक्तीची मलमपट्टी आधी येत नाही. मुलूख कसा उजाड झाला, माणसे देशोधडीला कशी लागली, हे आधी येते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. भीती नाकारून देवावर भरवसा ठेवायचा, ही रामदासांची रीत नव्हे. करुणाष्टकांत ते स्वतःची असहायता उघडपणे रामापुढे मांडतात. मनाच्या श्लोकांत तोच माणूस मनाला धीर देतो. आणि दासबोधात प्रयत्न, विवेक आणि सावधपण यांवर इतका भर देतो की काही वाचकांना तो भक्तीचा ग्रंथच वाटत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. आधी रडायचे, मग मनाला सावरायचे, मग कामाला लागायचे, असा तो क्रम आहे. १६४४ नंतर कृष्णाकाठी येऊन त्यांनी बलाच्या देवतेची, मारुतीची, अकरा ठाणी उभी केली. १६४८ मध्ये चाफळला रामाचे देऊळ बांधले आणि रामनवमीचा उत्सव सुरू केला. त्यांच्या शिष्यांनी दारोदार भिक्षा मागावी हा दंडक होता. दासबोधातले भिक्षेचे विवेचन वाचले की कळते, झोळीत पडणारे मूठभर धान्य हा त्यातला लहान भाग. भिक्षेच्या निमित्ताने घराघरांत डोकावता येते, कोण कोणत्या हालात आहे ते कळते, माणसे जोडता येतात. घाबरलेल्या मुलखात एकेका उंबऱ्यापर्यंत पोचण्याची ही व्यवस्था होती.

यावर आक्षेप येईल की रामदासांची चरित्रे बखरींतून आली आहेत. हनुमंतस्वामींची बखर त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि तिच्यात चमत्कारांची गर्दी आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी चमत्कारांतला एकही आधाराला घेतलेला नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: रामदासांनी जे उभे केले ते सातारा-कऱ्हाडकडे, जालन्याकडे नव्हे. तेही खरे. जांबला मागे राहिले ते त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांना परंपरा 'श्रेष्ठ' म्हणते. त्यांनी घर सांभाळले, रामाची उपासना चालवली. जालन्याच्या मुलखातला भरवसा शोधायचा तर तो मोठ्या नावांत नव्हे, अशा घरच्या आणि गावच्या रिवाजांत शोधावा लागतो.

पण त्याआधी एका कठीण पुराव्याला सामोरे गेले पाहिजे, कारण तो माझ्या बाजूने नाही असे वरवर दिसते. नोव्हेंबर १६७९ मध्ये, आदिलशाहीवर चालून गेलेल्या दिलेरखानाला मागे खेचण्यासाठी, शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगली मुलखात शिरून जालन्याची पेठ लुटली. शहराबाहेर जान मुहंमद या सुफी साधूचा तकिया होता. महाराज सर्व धर्मांच्या साधुसंतांना आणि पवित्र स्थानांना हात लावत नाहीत, ही त्यांची कीर्ती शत्रूच्या रयतेलाही ठाऊक होती. म्हणून जालन्याच्या धनिकांनी रोकड आणि दागिने घेऊन त्या तकियात आसरा घेतला. पेठेत फारसे हाती लागेना, तेव्हा फौजेतले लोक आत शिरले आणि आश्रितांना लुटले, असे मोगल बाजूच्या लेखकांनी नोंदवले आहे. साधूच्या शापाने पुढच्या वर्षी महाराजांचा अंत झाला, ही त्याला जोडलेली कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. पण लोक देवस्थानात गेले आणि तरी वाचले नाहीत, एवढे घ्यावेच लागते. मग भरवशाचे काय झाले?

'तो खरा भरवसाच नव्हता' असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे, आणि फसलेल्या श्रद्धेला मागाहून खोटी ठरवण्याची ही युक्ती संशयास्पद आहे. पण इथे भेद मागाहून केलेला नाही. तकियाच्या भिंतींआड नेली गेली ती तिजोरी, आणि विश्वास होता तो एका विजेत्याच्या शिस्तीवर. तो हिशेब होता, शहाणा हिशेब, आणि तो चुकला. रामदासांनी परचक्राचे वर्णन केले तेव्हा राम परचक्र होऊच देणार नाही असे आश्वासन दिले नव्हते. देवावरचा भरवसा संकट अडवतो हा दावा जालन्याच्या इतिहासात टिकत नाही. तो मी करतही नाही. संकट आल्यावर माणूस एकटा पडतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि तिथे गावच्या रिवाजाची साक्ष महत्त्वाची ठरते. गोदाकाठच्या या पट्ट्यात, पैठणच्या नाथांच्या छायेत, अखंड हरिनाम सप्ताहाची रीत घट्ट रुजली. वरच्या अंगाला सरला बेटावर गंगागिरी महाराजांनी सुरू केलेल्या सप्ताहाची परंपरा १८४७ पासून सांगितली जाते. गावच्या सप्ताहाची बांधणी जवळून पाहिली पाहिजे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन, हे सगळ्यांना माहीत असते. पण 'अखंड' ज्यामुळे ते होते ती गोष्ट वेगळी आहे. पहिल्या दिवशी वीणा उभी केली की काल्यापर्यंत ती खाली ठेवायची नाही. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. त्यासाठी पहारे लावतात: कोणी दुपारी बाराचा, कोणी रात्री दोनचा. पहाऱ्याची यादी फळ्यावर लिहितात आणि देवळाच्या भिंतीला टांगतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला उठणारा माणूस आपल्यानंतरचा चारला येईल या विश्वासावर उभा असतो. तो आला नाही तर वीणा सोडून जाता येत नाही. पंगतीसाठी घराघरांतून भाकरी गोळा होतात, आणि ज्याच्या घरी यंदा पिकले नाही त्याचीही एक भाकरी त्या ढिगात असते आणि त्याचेही पान त्या पंगतीत मांडलेले असते. देवावरचा भरवसा असा रोजच्या व्यवहारात शेजाऱ्यावरच्या भरवशात उतरवलेला आहे. धर्माच्या इतिहासात तत्त्वज्ञानाला जेवढी पाने मिळतात, त्यातली निदान काही या पहाऱ्याच्या फळ्याला मिळायला हवीत.

मात्र त्या फळ्यावर सगळ्या गावाची नावे नव्हती, हा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांना वीणा कोण देणार? जालन्याच्या सीमेला लागून असलेले मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. विठ्ठलावर त्यांच्याइतका भरवसा कोणी ठेवला असेल? आणि तरी ते देवळाबाहेरच राहिले, १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडले गेले. या वंचनेची पुढची साक्ष जालना शहराशेजारी आहे. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आणि १८५४ मध्ये धर्मगुरू झालेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले ख्रिस्ती जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवले. तिथे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार समाजांतले होते. या वसाहतीकडे केवळ धर्मांतराची हकिगत म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. घर, शाळा, प्रार्थनेची जागा आणि शेजार हे सगळे एकाच ठिकाणी मिळणे, हे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना गावाने नाकारले होते. त्यांनी देव बदलला असे म्हणण्याआधी आपण त्यांना कोणत्या पहाऱ्यातून वगळले होते, हे सांगावे लागेल. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. तो माझा मुद्दा दुसऱ्या बाजूने सिद्ध करतो, आणि तसा सिद्ध होणे लाजिरवाणे आहे.

आधुनिक काळातला आक्षेप वेगळा: १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा देवाने नव्हे, कामांनी वाचवला. खडी फोडणे, नाला बंडिंग, पाझर तलाव, मिलो आणि सुकडी, आणि त्यातून पुढे आलेला १९७७ चा रोजगार हमी कायदा. शंभर टक्के मान्य. २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा तग धरला तो कडवंचीसारख्या गावांनी. तिथे १९९६ पासून पाणलोटाचे काम शिस्तीने झाले होते आणि पुढे शेततळ्यांनी द्राक्षे जगवली. पण जे बांध घालायला गेले तेच संध्याकाळी हरिपाठाला बसत होते. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातून समर्थांच्या घराण्यातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा गावकऱ्यांनी राम आपला आपण परत येईल असे म्हटले नाही. पोलिसांत तक्रार गेली, विधिमंडळात प्रश्न निघाला, आणि दोन-अडीच महिन्यांत तपास लागून मूर्ती मिळाल्या. खाटल्यावर बसलेला हरिभक्त म्हणीत आहे. या जिल्ह्याच्या नोंदींत तो मला फारसा भेटत नाही.

मग इतका जुना रिवाज असलेल्या मुलखात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव का द्यावा, हा शेवटचा आणि सर्वांत दुःखद प्रश्न उरतो. श्रद्धा कमी पडली, असे उत्तर देणारे मृतांवर अन्याय करतात. दुष्काळ सगळ्या शिवारावर एकदम पडतो. कोणाची विहीर आटली हे सांगावे लागत नाही. कर्ज मात्र एकट्याच्या खिशातल्या कागदावर असते. बँकेची नोटीस, खासगी सावकाराचा तगादा, मुलीच्या लग्नाचा राहिलेला खर्च, यांतले काहीही माणूस पारावर बोलत नाही. बोलला तर पत जाते, आणि पत गेली की पुढचे बियाणे उधार मिळत नाही. सप्ताहाची सारी बांधणी दिसणाऱ्या संकटासाठी झालेली आहे, न दिसणाऱ्या संकटाला तिच्यात दार नाही. शिवाय सप्ताहही बदलला: मोठा मांडव, नामांकित कीर्तनकाराचे मोठे मानधन आणि काही गावांत रात्रीच्या पहाऱ्यासाठी बाहेरून आणलेली भजनी मंडळी. रात्री दोनला ज्याला उठवायला जायचे तो गावचाच असतो, तेव्हा त्याच्या दाराशी जावे लागते, तो झोपला आहे की जागा आहे, घरात काय चालले आहे, हे कळते. बाहेरची मंडळी आणली की ते जाणे थांबते. कीर्तनांतून आता आत्महत्येविरुद्ध बोलले जाते, ते बरेच आहे. पण जांबच्या त्या बैराग्याने शिष्यांना आधी भिक्षेच्या निमित्ताने उंबऱ्याशी पाठवले होते.