टेबलाच्या खणातला ट्रे

पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या पट्टीला आपण टास्कबार म्हणतो. विंडोजच्या आज्ञावलीतल्या तिच्या नावात मात्र आजही ‘ट्रे’ हा शब्द आहे. तिचं मूळ त्या शब्दातच सापडतं.

विंडोज 3.1 मध्ये मिनिमाइझ केलेला प्रोग्राम छोटंसं चित्र होऊन तळाशी बसे. त्यावर दुसरी खिडकी आली की ते झाकलं जाई. नवख्या माणसाला वाटे, आपलं काम नाहीसं झालं. पुढच्या आवृत्तीची, म्हणजे ‘शिकागो’ची, घडण चालू असताना तळाशी आधी एक फोल्डर बसवून पाहिलं. टेबलाच्या वरच्या खणात पेन्सिली-टाचण्यांचा ट्रे असतो ना, तसं. हवं ते आत टाकावं, हवं तेव्हा बाहेर काढावं. पुढे बेत बदलला, प्रत्येक उघड्या खिडकीला एक बटण मिळालं आणि ट्रेचा टास्कबार झाला. 24 ऑगस्ट 1995 रोजी हीच आवृत्ती विंडोज 95 या नावाने बाजारात आली.

बेत बदलला तरी ट्रेचा गुण पट्टीत राहिला: ज्याचं टेबल, त्याची मांडणी. माउसने ओढून ती चारही कडांपैकी कुठेही नेता येई, कड ताणली की दोन-तीन ओळींची होई. 2001 मध्ये विंडोज एक्सपीने एकाच प्रोग्रामची बटणं एकत्र गोळा केली. 2009 च्या विंडोज 7 मध्ये बटणं ओढून त्यांचा क्रम बदलता येऊ लागला, ती लहानही करता येऊ लागली.

ही केवळ हौस नव्हे. लक्ष्य जितकं दूर आणि लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्येच मांडलं होतं. शिवाय पडदे रुंद झाले, तशी उंची अपुरी पडू लागली. पट्टी डावीकडे उभी केली की लिहिणाऱ्याला मजकुराच्या दोन ओळी जास्त दिसतात.

म्हणून 5 ऑक्टोबर 2021 ला विंडोज 11 आलं, तेव्हा अनेकांना चुकल्यासारखं झालं. पट्टी तळाशीच खिळली होती. बटणं मध्यभागी की डावीकडे, एवढीच निवड उरली. त्यांच्यावरची नावंही गेली. लोकांनी मागणी लावून धरली. नावं 2023 मध्ये परतली, लहान बटणं 2025 मध्ये.

दिवसातून शेकडो वेळा हात जिथे जातो, ती जागा हाताच्या मालकानेच ठरवावी. खणातल्या ट्रेबाबत हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं.