मी काय सांगत होते?

आमच्या मावशीला कुठलीही हकिगत सरळ सांगता येत नाही. 'परवा शिंप्याकडे गेले होते' एवढं म्हणेपर्यंत शिंप्याच्या सासूबाई येतात. सासूबाईंच्या पोटात त्यांचा मोतीबिंदू, मोतीबिंदूच्या पोटात डॉक्टरांच्या मुलीचं मोडलेलं लग्न. मग मावशी क्षणभर गप्प होते आणि विचारते, "हं, तर मी काय सांगत होते?"

हा प्रश्न संगणकालाही पडतो, ही माझ्या पुतण्याची माहिती.

त्याचं असं झालं. 2001 साली अमेरिकेत डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार या दोघांनी संगणकांनी एकमेकांना निरोप धाडण्याची एक सुटसुटीत रीत वापरात आणली. तिचं नाव जेसन. कंस उघडा, माहिती घाला, कंस मिटा. कंसाच्या पोटात कंसही चालतो. हे वाचणारा तो पार्सर. नवा कंस दिसला की आधीचं कुठं सोडलं, याची तो आठवण ठेवतो. बऱ्याच पार्सरांत या आठवणींची चळत उंच होत जाते आणि जागा संपली की कोसळते.

म्हणून परीक्षा आली. क्रॉकफर्डच्या नमुन्यांपैकी एकात 19 कंस एकात एक होते, शेरा 'फार खोल नाही'. दुसऱ्यात 20, शेरा 'फार खोल'. एका कंसानं नापास! मला माझे गणितातले 34 मार्क आठवले.

2006 च्या नियमावलीत खोलीला मर्यादा घालायची मुभा होती, पण आकडा नव्हता. मग ज्याची त्याची ऐपत. पीएचपी भाषेत ठरीव मर्यादा 512.

2016 साली निकोलस सेरिओ या गृहस्थानं पार्सरांपुढे 1 लाख उघडे कंस ठेवले. मिटलेला एकही नाही! फाईल जेमतेम 100 किलोबाइटची. 'हे चूक आहे' एवढंच सांगायचं होतं; कित्येक पार्सर ते न सांगताच आडवे झाले. यात हसण्यासारखं काही नाही. अशी फाईल एखाद्या खोडसाळानं इस्पितळाच्या किंवा बँकेच्या संगणकाला धाडली, तर पार्सरबरोबर अख्खा प्रोग्राम बसतो आणि रांगेतली माणसं ताटकळतात. तेव्हा खोडसाळाच्या आधी आपणच खोडी काढून पाहावी. शहाणा पार्सर खोली मोजतो आणि वेळेवर 'पुरे' म्हणतो.

मीही परवा धीर करून म्हटलं, "मावशी, फार खोल जातेयस."

"खोलवरून आठवलं," मावशी म्हणाली, "आमच्या वाड्यातली विहीर..."