उत्तर कोणाला द्यायचे? खान्देशातील भांडवल आणि सामाजिक उत्तरदायित्व

'कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व' हा शब्दप्रयोग गेल्या दीड-दोन दशकांत मराठीत चांगलाच रुळला आहे. व्यवहारात तो 'सीएसआर' या आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि शाळेच्या भिंतीवरील पाटीपासून महाविद्यालयाच्या मूल्यांकन अहवालापर्यंत सर्वत्र आढळतो. शब्दाचा अर्थ मात्र आपण क्वचितच तपासतो. ज्याला उत्तर देणे भाग आहे तो उत्तरदायी. उत्तर म्हटले की प्रश्न आला आणि प्रश्न म्हटला की तो विचारणारा आला. दान या कल्पनेत असा प्रश्नकर्ता अभिप्रेत नसतो. तेथे दाता असतो आणि पात्र असते. भांडवलाने समाजासाठी काय केले याचा इतिहास बहुधा दिलेल्या रकमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला होता, या अंगाने तो वाचला तर वेगळे चित्र दिसते. खान्देशातील अमळनेर आणि शिरपूर या दोन गावांच्या आधारे तसे वाचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम थोडी व्यापक पार्श्वभूमी पाहू. उद्योजकाच्या सामाजिक जबाबदारीची आधुनिक चर्चा हॉवर्ड बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या १९५३ मधील ग्रंथापासून सुरू झाली असे मानले जाते. १९७० मध्ये मिल्टन फ्रिडमन यांनी तिला उत्तर दिले. नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे बहुराष्ट्रीय कंपन्यांनी दोन्ही भूमिका सोयीने वापरल्या. विकसित देशांत त्यांना जागरूक ग्राहक, संघटित कामगार आणि कठोर न्यायालये यांना तोंड द्यावे लागते. तेथे उत्तरदायित्वाचा संबंध मुख्यतः उत्पादनप्रक्रियेशी येतो : माल कोणत्या परिस्थितीत तयार झाला, प्रदूषण किती झाले, मजुरी काय दिली. विकसनशील देशांत मात्र तोच शब्द शाळेच्या खोल्या, आरोग्य शिबिरे, वृक्षारोपण यांच्याकडे वळतो. उत्पादनाची प्रक्रिया तशीच राहते. तिच्या शेजारी एक सत्कार्य उभे राहते.

हा फरक स्पष्ट करणारी दोन उदाहरणे आठवतात. केरळमधील प्लाचिमडा येथे कोका-कोलाचा कारखाना २००० मध्ये सुरू झाला. विहिरींचे पाणी आटले आणि बिघडले, अशी तक्रार घेऊन आदिवासी स्त्रिया रस्त्यावर आल्या. २००३ मध्ये ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि २००४ मध्ये कारखाना थांबला. तेथील लोकांना कंपनीचे एखादे सत्कार्य नको होते, पाण्याचा हिशेब हवा होता. दुसरे उदाहरण बांगलादेशातील राणा प्लाझा या इमारतीचे. २४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच अनेक युरोपीय वस्त्रकंपन्यांनी कामगार संघटनांशी इमारतींच्या सुरक्षिततेबाबत कायद्याने बंधनकारक करार केला. दोन्ही ठिकाणी उत्तर मिळाले ते प्रश्न संघटितपणे विचारला गेला म्हणून.

आता अमळनेरकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी खान्देशच्या कापसावर येथे प्रताप मिल उभी राहिली. तिचे संस्थापक मोतीलाल माणेकचंद, म्हणजेच श्रीमंत प्रतापशेठ. गिरणीच्या धनातून त्यांनी जे उभारले ते आजही थक्क करणारे आहे. १९१६ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढावी आणि तेथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'सारखे नियतकालिक निघावे, ही घटना भारतीय बौद्धिक इतिहासात असाधारण आहे. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ येथे राहून गेले. घ. र. मलकानी यांनी येथेच दीर्घकाळ काम केले. शाळेला आणि पुढे १९४५ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला प्रतापशेठांचेच नाव लाभले.

हे दातृत्व खरे होते आणि उदारही होते. तथापि ते दातृत्व होते. वेदान्ताच्या अभ्यासकाला वेतन द्यावे की गिरणीतील साचेवाल्याची मजुरी वाढवावी, हा प्रश्न त्या व्यवस्थेत उपस्थित होण्यास जागाच नव्हती. दात्याची अभिरुची हेच तेथे धोरण होते. इतिहासाची गंमत अशी की तो प्रश्न विचारणारा माणूस त्याच परिसरात घडला. साने गुरुजी तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आले आणि १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९३८ मध्ये याच गावातून त्यांनी 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले आणि खान्देशातील शेतकरी व गिरणी कामगार यांची बाजू मांडली. मराठी वाचकाला गुरुजी मुख्यतः मातृहृदयी कथाकार म्हणून परिचित आहेत. भांडवलाच्या औदार्यासमोर न्यायाची भाषा बोलणारे पत्रकार म्हणूनही त्यांचे वाचन व्हायला हवे. दात्याने उभारलेल्या परिसरात दात्याच्या वर्गाला प्रश्न विचारणारा लेखक घडतो, ही त्या दानाची सर्वांत मोठी फलश्रुती म्हणावी लागेल; दात्याला ती अपेक्षित नसली तरीही.

अमळनेरचीच दुसरी कथा आज जगभर पसरली आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. तीच आजची विप्रो. गावातील अनेक कुटुंबांनी तिचे समभाग घेतले, पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि त्यातून त्यांचे भाग्य पालटले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. येथे दात्या-पात्राच्या नात्याहून निराळे नाते निर्माण झाले. भागधारकाला हिशेब विचारण्याचा हक्क कायद्यानेच असतो. मात्र ज्याच्या शेतातला भुईमूग घाण्यात गेला किंवा ज्याने भट्टीजवळ पाळी केली, त्याच्याकडे समभाग असेलच असे नाही. अझीम प्रेमजी यांनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग शिक्षणकार्याला अर्पण केला. भारतीय उद्योगाच्या इतिहासातील ते एक थोर पाऊल आहे. पण ते वैयक्तिक समर्पण आहे. त्याची तुलना गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेशी करता येईल, कंपनीच्या उत्तरदायित्वाशी नव्हे.

शिरपूरची गोष्ट या दोहोंहून भिन्न आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेल्या या तालुक्यात काही भागात काळा बसाल्ट, तर नदीकडील भागात खोल गाळाची जमीन आहे. गाळाच्या थरांत वाळू आणि चिकणमाती एकाआड एक असतात. वरचा चिकणमातीचा थर पावसाचे पाणी खाली मुरू देत नाही. त्यात विद्युत पंपांचा उपसा वाढला आणि विहिरी कोरड्या पडल्या. २००४ च्या सुमारास भूजल सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी येथे काम सुरू केले. नाले रुंद आणि खोल करायचे, पाणी अडवणारे थर भेदायचे, त्यावर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे ओळीने बांधायचे आणि धरणाचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडायचे, अशी ही पद्धत होती. तिला तत्कालीन आमदार अमरिशभाई पटेल यांचे पाठबळ मिळाले आणि निधीचा मोठा भार प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीने उचलला. 'शिरपूर पॅटर्न' या नावाने हे काम महाराष्ट्रभर गेले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली गोष्ट अशी की सूतगिरणीचे हित आणि पाण्याचे हित वेगळे नव्हते. पाणी नाही तर कापूस नाही, कापूस नाही तर सूत नाही. बहुराष्ट्रीय कंपनीचे सत्कार्य उत्पादनाच्या शेजारी उभे असते. येथे ते उत्पादनाच्या मुळाशी होते. दुसरी गोष्ट अशी की सहकारी संस्थेचा पैसा सभासदांचा असतो आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार असतो. महाराष्ट्रातील सहकारात नेतृत्वाच्या दबदब्यामुळे हा अधिकार पुष्कळदा कागदावर राहतो, हे मान्य करूनही तो अस्तित्वात असतो हे महत्त्वाचे आहे.

अर्थात या कामावरही प्रश्न उपस्थित झाले. गाळाच्या प्रदेशात जे साधते ते कठीण बसाल्टात साधेलच असे नाही, नाला वाटेल तितका खोदल्याने भूजलाचा थरच उघडा पडू शकतो, असे आक्षेप जलतज्ज्ञांनी घेतले. सामाजिक प्रश्न त्याहून अवघड आहे. मुरलेले पाणी वर येते ते विहिरीत आणि विहीर असते जमीनधारकाच्या शेतात. शिरपूर तालुक्यात पावरा आणि भिल्ल समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांच्यातील भूमिहीन मजुराच्या वाट्याला या पाण्यातून जे येते ते वाढलेल्या रोजगाराच्या रूपाने. तेही मोलाचे आहे, परंतु मजुरी म्हणजे पाण्यातील वाटा नव्हे.

यानंतर आला कायदा. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ दिनांक १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. पाचशे कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक ठरले. २०२१ मधील बदलांनी न खर्चलेल्या रकमेबाबतचे नियम कडक केले. परदेशी कंपन्यांच्या भारतातील शाखाही या तरतुदीखाली येतात. विकसनशील देशाने बहुराष्ट्रीय भांडवलाच्या स्वेच्छेला कायद्याचे रूप दिले, हे भारताचे श्रेय निश्चित आहे. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते.

मात्र याच तरतुदीत एक उणीव दडली आहे. जेथे कंपनी आहे तेथे निधी जाणार. जेथे कारखानेच थोडे, तेथे तो थोडाच पोहोचणार. अशा निधीच्या खर्चात महाराष्ट्र देशात अग्रेसर असतो, पण त्याचा ओघ मुंबई-पुण्याच्या पट्ट्याकडे अधिक राहतो. दुसरे असे की, काय करायचे हे संचालक मंडळ ठरवते आणि अहवालही त्यालाच सादर होतो. ज्या गावासाठी काम झाले त्या ग्रामसभेला हिशेब मागण्याचा अधिकार हे कलम देत नाही. आणि शिरपूरचे नावाजलेले काम या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. सहकारी संस्थेला हे कलम लागू नाही आणि कायदा येण्याच्या दहा वर्षे आधीच बंधारे बांधण्यास प्रारंभ झाला होता.

प्रतापशेठांचे दान, प्रेमजींचे समर्पण, सूतगिरणीचे बंधारे आणि कायद्याचे दोन टक्के यांना एकाच पंक्तीत बसवून 'सीएसआर' म्हणणे त्यामुळे इतिहासाला धरून होणार नाही. पहिल्या दोन प्रकारांत देणाऱ्याची सद्बुद्धी निर्णायक असते, तिसऱ्यात परस्परहित आणि चौथ्यात विधिनियम. यांतील कोणताही प्रकार त्याज्य नाही. परंतु उत्तरदायित्व हा शब्द सार्थ व्हायचा तर पाचव्या घटकाची आवश्यकता आहे आणि तो म्हणजे प्रश्न विचारू शकणारा समाज. प्लाचिमडाच्या स्त्रियांनी तो दाखवून दिला, साने गुरुजींच्या साप्ताहिकाने तो घडवण्याचा यत्न केला. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या महाविद्यालयांच्या इमारती, ग्रंथालये आणि पुरस्कार यांच्यामागे असाच कोणाचा तरी निधी असतो. त्याविषयी कृतज्ञ राहूनही हिशेबाची भाषा विद्यार्थ्यांना शिकवणे, हे काम मराठीच्या वर्गात होऊ शकते. अमळनेरच्या एका शिक्षकाने ते केले होते.