धुराड्यांपासून सुरुवात

इंग्लंडच्या जुन्या वास्तू म्हटल्या की डोळ्यांपुढे कॅथीड्रल येतात, राजवाडे येतात. वृद्ध आणि निर्धन माणसांना हक्काचा निवारा देणारी तिथली धर्मादाय घरे, म्हणजे आल्म्सहाऊस, सहसा आठवत नाहीत. वाचकांनी थोडा वेळ त्यांच्यासाठी काढावा, एवढीच विनंती आहे.

सुरुवात विंचेस्टरजवळ, इचेन नदीकाठच्या सेंट क्रॉसपासून करावी. राजा स्टीफनचा भाऊ, बिशप हेन्री ऑफ ब्लॉइस याने ११३०च्या दशकात ही संस्था स्थापली. तेरा दुर्बल पुरुषांना आसरा आणि रोज शंभर गरिबांना जेवण, असा मूळ संकल्प होता. १४४५ मध्ये कार्डिनल बोफर्टने तिचा विस्तार केला. आज ही वास्तू संरक्षित वारशाच्या प्रथम श्रेणीत आहे, आणि काळे व तांबडे झगे घालणारे ‘ब्रदर्स’ अजूनही तिथे राहतात. वाटसरूने मागितल्यास दरवाजाशी पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर आजही मिळते.

इथले चर्च भव्य आहे. पूर्वेकडे जाड भिंती आणि नागमोडी कोरीव नक्षी, तर पश्चिमेकडे सरकताना टोकदार कमानी. बांधकाम रेंगाळले, तसतशी शैली बदलत गेली. पण तुम्ही तिथेच थांबू नका. अंगणात या आणि पश्चिमेच्या दुमजली ओळीवरची उंच धुराडी पाहा. माझ्या मते या वास्तूचे मर्म तिथे आहे. मध्ययुगातील अशा अनेक संस्थांत एकाच लांब दालनात सर्वांच्या खाटा असत आणि टोकाला प्रार्थनास्थळ असे. बोफर्टच्या काळात गरीब म्हाताऱ्यालाही स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची शेगडी मिळाली. आडोसा ही श्रीमंतांचीच गरज नाही, हे कुणीतरी दगडात मान्य केले होते. चिचेस्टरच्या सेंट मेरीज या आल्म्सहाऊसमध्ये हाच बदल वेगळ्या रीतीने झाला. तेराव्या शतकातले दालन तसेच ठेवून सतराव्या शतकात त्याच्या पोटात छोटी घरे रचली, आणि त्यांची विटांची धुराडी जुन्या छपरातून वर काढली.

अशा एखाद्या वास्तूचा नकाशा हाती घेतलात, तर आधी शेगड्या मोजा, मग दारे. पाणी कुठून येई, जेवण एकत्र होई की आपापल्या खोलीत, हे त्यानंतर विचारा. शैलींची नावे सावकाश शिकता येतील. हिशेबाच्या वह्या आणि नियमावल्याही वाचाव्यात. एकोणिसाव्या शतकात सेंट क्रॉसच्या उत्पन्नावरून मोठा वाद पेटला होता. अशाच वादांच्या पार्श्वभूमीवर अँथनी ट्रोलोपची ‘द वॉर्डन’ ही कादंबरी १८५५ मध्ये आली. ती जरूर वाचा. मात्र त्याआधी ती धुराडी पाहून घ्या.