हेडलाइटला फ्यूज का नव्हता?

गेल्या व्याख्यानात आपण इंजिनापाशी थांबलो होतो. एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1955 साली आली, 1489 सीसीचं इंजिन घेऊन. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन 1959 पासून आपल्या अँबेसेडरला बसू लागलं. म्हणजे तिकडे दोन सीटची हौस, इकडे तहसीलदारांची गाडी, आणि बॉनेटखाली भावंडं. आज त्यांच्या दिव्यांकडे वळू.

किल्लारीत उभं राहून अंधाराविषयी बोलताना जीभ जपून चालवावी लागते. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव झोपेत. त्यानंतर मदत रस्त्यानेच यायची होती, आणि त्या काळी सरकारी ताफ्यात अँबेसेडर आणि जीप हीच नेहमीची वाहनं. रात्रीच्या रस्त्यावर गाडीचा दिवा काय असतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? पण म्हणूनच एक प्रश्न इथे विचारावासा वाटतो.

एमजीएची फ्यूजपेटी उघडली की चालू फ्यूज दोनच दिसतात. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची ती पद्धत. एक फ्यूज हॉर्नसाठी, कायम जिवंत. दुसरा चावी फिरवल्यावर जिवंत होतो. त्यावर वायपर, ब्रेकलाइट, इंडिकेटर. मग हेडलाइट कुठे? कुठेच नाही! बॅटरीकडून तपकिरी वायर थेट स्विचकडे, तिथून निळी पायाखालच्या डिपरकडे, पुढे निळी-पांढरी अप्परला आणि निळी-लाल डिपरला. वाटेत फ्यूज नाही.

कंजूसपणा म्हणावं, तर दोन रुपयांच्या काचनळीत कसली बचत? कारण सरळ आहे. दोन्ही दिव्यांना मिळून एकच फ्यूज दिला आणि तो भर वेगात वळणावर उडाला, तर ड्रायव्हर क्षणात आंधळा. त्यापेक्षा वायर तापली तरी चालेल, असा तो हिशेब. शॉर्ट झाला तर वायरचं आवरण जळायचं, कधी गाडीही पेटायची. दोन धोक्यांपैकी एक त्यांनी जाणूनबुजून पत्करला. आम्हाला हा निर्णय पटतो, पण अर्धाच. दोन दिव्यांना दोन स्वतंत्र फ्यूज दिले की एक उडाला तरी दुसरा वाट दाखवतो. पुढच्या काळातल्या गाड्यांनी नेमकं तेच केलं. 1955 साली ते अवघड होतं असं आम्हाला वाटत नाही.

आकड्याचा एक घोळ सांगितलाच पाहिजे. लुकासच्या फ्यूजवर 35 अँपिअर लिहिलेलं असतं. तो उडण्याचा आकडा. सतत वाहू द्यायचा प्रवाह साधारण 17. इतर अनेक ठिकाणच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणारा आकडा छापतात. त्यामुळे 35 पाहून दुसरा कुठला तरी 35 बसवला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. आपल्याकडची युक्ती तर त्याहून पुढची: सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा आणि निघायचं. गाडी घरी पोचते, हे खरंच. पण मग फ्यूजचं काम वायरच करते.

आणि दिवा नुसता मिणमिणत असेल तर फ्यूजच्या मागे लागूच नका. या गाड्यांत परतीची वायर म्हणजे गाडीचं धड. बोल्टखाली गंज चढला की परतीची वाट अडते. मग प्रवाह दुसरीकडून फिरतो आणि इंडिकेटर लावला की टेललाइट डोळे मिचकावते. लुकासवरचे निम्मे विनोद या गंजलेल्या अर्थिंगमुळेच झाले असावेत. काळी वायर काढायची, पत्र्यापर्यंत घासायचं, पुन्हा घट्ट आवळायची. दहा मिनिटांचं काम आहे.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या घरी जुनी जीप उभी असेल, त्यांनी आधी विचारा.