खबर द्यायची कोणाला?

अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीच्या पहिल्या अहवालावर ८ फेब्रुवारी २०२१ ही तारीख आहे. काम ठरावीक होते. माओवादी संबंधांचा आरोप असलेल्या एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत आरोपी रोना विल्सन यांचा संगणक जप्त केला होता. त्याच्या डिस्कची प्रत तपासून बचाव पक्षाच्या वकिलांना मत द्यायचे. तपासायला घेतला पुरावा आणि हाती लागला, कंपनीच्या म्हणण्यानुसार, वेगळाच गुन्हा.

अहवालातला घटनाक्रम असा. १३ जून २०१६ रोजी सहआरोपी वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाइल विल्सन यांनी उघडली आणि 'नेटवायर' हे दुरून संगणक चालवणारे मालवेअर आत शिरले. पुढचे जवळपास २२ महिने कोणीतरी त्या संगणकात वावरत होते. आरोपपत्राचा कणा ठरलेली १० पत्रे एका दडवलेल्या फोल्डरमध्ये याच वाटेने आली, आणि विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूण नाही. मला सर्वांत बोलका वाटतो तो किरकोळ दिसणारा तपशील: काही पत्रे वर्डच्या २०१० किंवा २०१३ या आवृत्तीत तयार झालेली आणि विल्सन यांच्याकडे होते २००७चे वर्ड. हे करणारा कोण, हे अर्सेनलने सांगितलेले नाही. नंतर तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) अहवाल अमान्य केला. तो आरोपपत्राचा भाग नाही, असे तिचे म्हणणे.

याच प्रकरणातले आणखी एक आरोपी स्टॅन स्वामी यांच्या संगणकावरचा अर्सेनलचा अहवाल डिसेंबर २०२२चा. त्यानुसार ११ जून २०१९ रोजी घुसखोराने आपल्या खाणाखुणा पुसायला घेतल्या. पोलिसांनी संगणक नेला १२ जूनला. अहवाल आला तेव्हा स्वामींना जाऊन दीड वर्ष होत आले होते.

आता प्रश्न कर्तव्याचा. अर्सेनलची बांधिलकी वकिलांशी होती. अहवाल त्यांच्याकडे गेला, त्यांनी तो उच्च न्यायालयात नेला. वाट सरळ होती. अडचणीत होता तो एका ईमेल कंपनीतला सुरक्षा विश्लेषक. 'वायर्ड' मासिकाने १६ जून २०२२ रोजी त्याचे नाव न देता वृत्त छापले: विल्सन, राव आणि आणखी एक आरोपी हनी बाबू यांच्या फोडलेल्या खात्यांना २०१८ आणि २०१९ मध्ये नवा रिकव्हरी ईमेल आणि फोन क्रमांक जोडला गेला होता, आणि त्या ईमेलमध्ये पुण्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे पूर्ण नाव होते. सेंटिनेलवन कंपनीच्या संशोधकांच्या साहाय्याने हे बाहेर आले. पुणे पोलिसांनी मासिकाला उत्तर दिले नाही. ग्राहकांची माहिती बाहेर द्यायची नाही, ही या पेशातली पहिली शिस्त. ती त्याने जाणूनबुजून मोडली.

कायद्याने तो काय करू शकत होता? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९ सांगे की ठरावीक गुन्हे कळताच जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला खबर द्या. खून, दरोडा, लाचखोरी, खोट्या नोटा त्या यादीत होत्या. खोटा पुरावा रचणे नव्हते, संगणकात घुसणेही नव्हते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्येही खोट्या पुराव्याला जागा मिळालेली नाही. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२चा आदेश सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगतो, पण तो सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांसाठी. एकट्या संशोधकाला त्यात स्थान नाही. शिवाय माहितीचा माग पोलिसांकडेच जात असेल, तर जवळच्या ठाण्यात जायचे कसे?

एक दार मात्र जुन्या संहितेतच होते. कलम १९५ नुसार, न्यायालयात चाललेल्या प्रकरणात खोटा पुरावा रचल्याची दखल त्या न्यायालयाच्या लेखी तक्रारीवरच घेता येई, आणि तशी चौकशी करायचा अधिकार कलम ३४० देई. म्हणजे अर्सेनलचे बरोबर की एनआयएचे, हे तटस्थ तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची जबाबदारी न्यायालयाची ठरते. ते काम साक्षीपुराव्याची वाट पाहत ठेवण्याजोगे नव्हते, असे माझे मत आहे.

८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जामीन दिला तो सहा वर्षांहून अधिक कैदेमुळे आणि खटला लवकर संपण्याची चिन्हे नसल्यामुळे. ती १० पत्रे संगणकात कोणी ठेवली, याचा निवाडा त्या आदेशात नाही.