आवक-जावक

माल वेळेवर पोचवण्याची विद्या हल्ली भरमसाट फी घेऊन शिकवतात. मी साधा बी.कॉम., बँकेतला कारकून. माझी मजल आवक-जावक रजिस्टरापर्यंत. तरी या विषयातले माझे गुरुजी ठरलेले आहेत: माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल.

त्यांनी कर्जत भागात धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्यात घरातले भात संपले, की शेतकऱ्याने सावकाराच्या पायरीऐवजी कोठीची पायरी चढावी. म्हणजे बँकच की हो! फक्त 'उद्या या' म्हणणारा आमच्यासारखा कारकून तेवढा कमी.

१९४२ साली याच गृहस्थांनी आझाद दस्ता उभारून उलटा हिशेब मांडला. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे अडावी म्हणून विजेचे मनोरे पाडायचे. सरकारची आवकच बंद!

पण दुसऱ्याचा पुरवठा तोडणाऱ्यालाही पोट असतेच. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात भाकरी उगवत नाही. ती खालच्या वस्तीतून, पोलिसांचा डोळा चुकवून, कुणीतरी वर न्यावी लागते. पावती नाही, भत्ता नाही; पकडले गेले तर तुरुंग.

अशा साखळीतली एक कडी फितूर झाली तरी पुरते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडावर पोलीस पोचले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. भाईंचे वय होते अवघे ३०.

हुतात्म्यांची नावे आपण दगडावर कोरतो, ते योग्यच. पण त्या भाकऱ्यांची जावक कोण लिहिणार? आमच्याकडे साधे पाकीट बाहेर गेले तरी दोन सह्या लागतात!